शेक दिल्यानंतरची वर्षे

1896 सालच्या हिवाळ्यात व्हिएन्नातल्या लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरांकडे पाच वर्षांची एक मुलगी आणली गेली. तिच्या पाठीवर मोठा केसाळ डाग होता. रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधून जेमतेम वर्ष झाले होते, आणि या किरणांनी केस गळतात अशी बातमी फ्रॉइंड यांच्या वाचनात आली होती. त्यांनी रोज तासन् तास त्या डागावर किरण सोडले. केस गळले, आणि किरणांनी उपचार करता येतो हे सिद्ध झाले. पण पुढे कंबरेजवळ जखम झाली, ती चिघळली आणि लवकर भरून येईना. ती मुलगी मोठी झाली, म्हातारीही झाली. 70 वर्षांनी, 1966 मध्ये, डॉक्टरांनी तिची पुन्हा तपासणी करून तिची हकिकत छापली. तेव्हा ती पंचाहत्तरीत होती आणि लहानपणच्या त्या किरणांच्या खुणा तिच्या पाठीवर तशाच होत्या.

किरणोपचाराची पुढची सगळी कथा या एका मुलीत आहे. फायदा काही दिवसांत दिसतो, नुकसान कधी कधी अर्धे आयुष्य गेल्यावर दिसते. मेंदूला दिलेल्या किरणांबाबत हे उशिराचे नुकसान बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांच्या वाटेने येते. हे कळायला वैद्यकाला जवळजवळ शतक लागले.

आमच्या तेलगावच्या माणसाने ही कथा समजून घ्यावी असे मला वाटते, त्याला कारण आहे. बीडहून परळीला जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा, असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. साखर कारखाना आहे, बाजार आहे, एसटी आहे. कर्करोगाचा उपचार मात्र इथे नाही. गाठीचा संशय आला की माणूस आधी अंबाजोगाईला जातो, मग संभाजीनगरला किंवा बार्शीला, आणि प्रकरण मेंदूचे असेल तर बहुधा मुंबईच्या टाटा रुग्णालयात. ‘टाटाला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. दीड महिना किरणांचा शेक घेऊन, डोक्यावरचे केस गेलेला माणूस घरी परततो. उपचार मुंबईत होतो. त्यानंतरची दहा, वीस, तीस वर्षे मात्र तो इथेच काढतो, आणि उशिरा येणारे दुखणे आले तर तेही इथेच येते.

सुरुवातीला नुकसान दिसत होते ते कातडीवर. 1901 मध्ये हेन्री बेकरेल यांनी रेडियमची नळी कोटाच्या खिशात बाळगली, तर छातीवर भाजल्यासारखा व्रण उठला. पिअर क्यूरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम ठेवून पाहिले. त्याआधीच, 1899 मध्ये, गासमान नावाच्या संशोधकाने किरणांमुळे झालेल्या न भरणाऱ्या जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. जखमेखालच्या लहान रक्तवाहिन्यांची भिंत जाड झालेली आणि आतली पोकळी आक्रसलेली त्यांना आढळली. म्हणजे जखम भरत नव्हती, कारण तिथे रक्तच पुरेसे पोहोचत नव्हते. निरीक्षण नेमके होते. पण ते कातडीच्या जखमांपुरतेच राहिले. मेंदूचा विचार करायची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही.

गरज न वाटण्यामागे एक सिद्धान्त होता. 1906 मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडले की, ज्या पेशी भराभर विभागतात त्या किरणांना लवकर बळी पडतात, ज्या विभागत नाहीत त्या टिकतात. प्रौढ माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशी जवळपास विभागतच नाहीत. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला की मेंदू किरणांना दाद देत नाही, त्याला भरपूर मात्रा सोसते. सिद्धान्त ढोबळमानाने खरा होता, निष्कर्ष अपुरा होता. मेंदू म्हणजे नुसत्या चेतापेशी नव्हेत. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या प्राणवायूचा जवळपास पाचवा हिस्सा वापरतो. त्याला तो पोहोचवायला अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे, आणि त्या वाहिन्यांचे आतले अस्तर ज्या पेशींचे असते, त्या विभागतात. फक्त फार सावकाश विभागतात.

उशीर होण्याचे मर्म या सावकाशीत आहे. किरण पेशीच्या गुणसूत्रांवर घाव घालतात, पण घाव बसलेली पेशी लगेच मरते असे नाही. ती काम करत राहते. पुढे कधीतरी विभागायची वेळ आली की मात्र तिला ते जमत नाही. वाहिनीच्या अस्तरात अशा पेशी एकेक करून गळू लागतात. उघड्या पडलेल्या जागी रक्त गोठते, भिंतीत चोथ्यासारखा थर साचतो, पोकळी बारीक होते. मेंदूतल्या वाहिन्या एरवी रक्तातले काय आत सोडायचे आणि काय अडवायचे हे काटेकोरपणे ठरवतात. तो बंदोबस्त ढिला पडतो, पाणी पाझरते आणि आसपासचा भाग सुजतो. ठिबकच्या नळीत क्षार साचले की मोटार चालू, टाकी भरलेली, तरी ओळीतली ठरावीक झाडे सुकत जातात. मेंदूच्या त्या भागाचे तसेच होते.

मेंदूतल्या अशा उशिराच्या नुकसानीची पहिली नोंद म्हणून 1930 सालच्या एका जर्मन लेखाचे नाव घेतले जाते. फिशर आणि होल्फेल्डर यांच्या त्या रुग्णाला डोक्याच्या कातडीचा कर्करोग होता. त्यासाठी क्ष-किरण दिले होते. वर्षे उलटल्यावर नेमक्या त्या जागेखालचा मेंदू नासलेला आढळला. उपचार कातडीवर झाला होता, किरण कवटीतून आत गेले होते.

तरी अशी प्रकरणे विरळाच राहिली, आणि त्याची दोन कारणे होती. पहिले यंत्राचे. त्या काळातले क्ष-किरण कमी ताकदीचे असत. त्यांची सगळ्यात जास्त मात्रा कातडीवरच बसायची. मेंदूच्या खोल भागात पुरेशी मात्रा पोहोचण्याआधी कातडी लाल व्हायची, सोलपटायची, आणि डॉक्टर हात आखडता घ्यायचे. कातडी धोक्याची सूचना देत होती. 27 ऑक्टोबर 1951 रोजी कॅनडातल्या लंडन गावी कोबाल्ट-60 च्या यंत्रावर पहिल्या रुग्णाला उपचार मिळाले. त्याच सुमारास सॅस्काटूनलाही असेच यंत्र सुरू झाले. कोबाल्टचे किरण कातडीच्या अर्धा सेंटीमीटर खाली पूर्ण जोर धरतात. त्यामुळे कातडी वाचते आणि खोलवरच्या गाठीपर्यंत भरपूर मात्रा नेता येते. जगभरातल्या, आणि आपल्याकडच्याही, लाखो रुग्णांचे या यंत्राने भले केले. पण कातडीची सूचना त्याबरोबर गेली. यापुढे किती मात्रा जास्त झाली हे कातडी सांगणार नव्हती. ते सांगणार होता खुद्द मेंदू, आणि तोही वर्षांनंतर.

दुसरे कारण जास्त दुःखद आहे. रुग्ण तेवढे जगतच नव्हते. मेंदूच्या जहाल गाठींवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर नुसती शुश्रूषा केलेल्यांचे मध्यक आयुष्य 14 आठवडे होते, किरणोपचार मिळालेल्यांचे सुमारे 35 आठवडे. आयुष्य दुपटीहून वाढले, ही फार मोठी गोष्ट होती. पण जे दुखणे पाच किंवा पंधरा वर्षांनी येते, ते 35 आठवड्यांत कसे दिसणार? ज्यांना बरे करता आले, त्यांच्यातच उपचाराची किंमत दिसायला लागली. हे ध्यानात ठेवले नाही तर हा सगळा इतिहास निव्वळ दोषांची यादी वाटेल, आणि तो तसा नाही.

मुंबईतली कथा रक्ताच्या कर्करोगापासून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये त्या आजाराने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या आजोबा-पणजोबांच्या लेखी मुंबई हा परका मुलूख होता. 1957 मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने रुग्णालय ताब्यात घेतले आणि 1962 मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. रुग्णालय अणुऊर्जेकडे कशासाठी, असे आज कोणाला वाटेल. पण होमी भाभांच्या नजरेला दिसत होते की कर्करोगाच्या उपचारात किरणांचा वाटा वाढत जाणार आहे. पुढे भाभा अणू संशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे देशी कोबाल्ट यंत्र बनवले आणि ते लहान शहरांपर्यंत पोहोचले.

या दरम्यान जगात दोन घटना घडल्या, ज्यांनी रक्तवाहिन्यांचा प्रश्न पुढे आणला.

पहिली अमेरिकेतल्या मेम्फिसची. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात औषधांनी आजार आटोक्यात यायचा, पण मेंदूच्या आवरणांत लपलेल्या पेशी काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढायच्या. डॉ. डोनाल्ड पिंकेल यांच्या चमूने 1967 पासून मुलांच्या मेंदूलाच किरण द्यायला सुरुवात केली, 24 ग्रे इतके. (ग्रे हे शरीरात मुरलेल्या किरणांचे माप.) जो आजार तोवर जवळपास हमखास मृत्यू समजला जाई, त्यातून निम्मी मुले बरी होऊ लागली. भारतात 1984 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेचे डॉ. इयान मॅग्राथ यांच्या पुढाकाराने ‘एमसीपी-841’ ही उपचारपद्धती सुरू झाली. तिच्यातही मेंदूला किरण होते. चेन्नई आणि दिल्लीतही ती वापरली गेली. आज चाळिशीत असलेली, संसार करणारी कितीतरी माणसे या पद्धतीमुळे हयात आहेत, आणि उशिराचे नुकसान दिसू शकेल इतकी वर्षे जगली आहेत.

दुसरी घटना जपानची. 1969 मध्ये सुझुकी आणि ताकाकू या डॉक्टरांनी एका विचित्र आजाराला नाव दिले. मेंदूच्या तळाशी जिथे मोठ्या धमन्या एकत्र येतात, तिथे त्या हळूहळू बंद होत जातात. मेंदू तग धरण्यासाठी आजूबाजूला बारीक, नाजूक वाहिन्यांचा पुंजका तयार करतो. क्ष-किरणांच्या चित्रात तो हवेत सोडलेल्या धुराच्या लोटासारखा दिसतो, म्हणून नाव पडले मोयामोया. हा जन्मजात कल असलेला आजार मानला गेला. पण पुढच्या वर्षांत तेच चित्र अशा मुलांत दिसू लागले, ज्यांना डोळ्याच्या नसेच्या किंवा पीयूष ग्रंथीच्या आसपासच्या गाठींसाठी किरण मिळाले होते. त्या गाठी आणि ती धमन्यांची गाठभेट एकाच जागी असतात. गाठीवर सोडलेले किरण धमन्यांना चुकवणार कसे? 2007 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूला किरण मिळालेल्या 345 मुलांपैकी 12 जणांत मोयामोया आढळला. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक दोष असलेल्या मुलांत धोका विशेष होता.

आता प्रश्न बारीक वाहिन्यांपुरता उरला नव्हता. डॉक्टरांना दोन वेगळी वेळापत्रके दिसू लागली. बारीक वाहिन्या बिघडल्या तर साधारण सहा महिने ते दोन-तीन वर्षांत मेंदूचा तो भाग नासतो. मोठ्या धमन्या अरुंद व्हायला मात्र कित्येक वर्षे, कधी दशके लागतात, आणि शेवट पक्षाघातात होऊ शकतो. 1970 ते 1986 या काळात कर्करोग झालेल्या आणि पाच वर्षांहून जास्त जगलेल्या अमेरिकी मुलांचा माग काढणारा अभ्यास 2006 मध्ये आला. भावंडांच्या तुलनेत रक्ताच्या कर्करोगातून वाचलेल्यांना पक्षाघाताचा धोका 6.4 पट, तर मेंदूच्या गाठीतून वाचलेल्यांना 29 पट होता. मेंदूला 30 ग्रे किंवा अधिक किरण मिळालेल्यांत धोका ठळक होता. 29 पट हा आकडा घाबरवणारा आहे, म्हणून त्याचा अर्थ नीट सांगायला हवा. तरुण वयात पक्षाघात मुळातच अत्यंत विरळा. त्यामुळे 29 पट धरूनही अशा हजार माणसांमागे वर्षाला दोन-तीन जणांना तो झाला, बाकीच्यांना झाला नाही. शेक घेतला म्हणजे अर्धांग होणारच असे कोणी समजू नये, आणि या भीतीने कोणी उपचार टाळू तर अजिबात नये.

या पुराव्यांचा परिणाम झाला. मेम्फिसच्याच रुग्णालयाने 2009 मध्ये दाखवून दिले की, औषधांची आखणी नेमकी केली तर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मेंदूचा शेक न देताही भागते. त्यांच्या मुलांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 93.5 टक्के होते. ज्या रुग्णालयाने ही पद्धत सुरू केली, त्यानेच ती सोडली. वैद्यकाच्या इतिहासातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

रोजच्या मात्रेचा धडाही असाच अनुभवातून आला. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ग्लेन शेलाइन आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये जुनी सगळी प्रकरणे एकत्र मांडली. त्यांत दिसले की, एकूण मात्रेइतकीच ती किती तुकड्यांत दिली हेही महत्त्वाचे असते. उशिरा बिघडणाऱ्या ऊतींना रोजचा मोठा डोस जास्त बाधतो. 1989 मध्ये न्यूयॉर्कहून 12 रुग्णांची माहिती आली. इतर अवयवांतून मेंदूत पसरलेल्या कर्करोगासाठी त्यांना रोज 3 ते 6 ग्रे असे मोठे डोस मिळाले होते. कर्करोग गेला, पण वर्षभराच्या आगेमागे स्मृती गेली, चालीचा तोल गेला, लघवीवरचा ताबा गेला. तेव्हापासून ज्याच्या आयुष्याची बरीच वर्षे उरली आहेत अशा रुग्णाला रोज 1.8 किंवा 2 ग्रे, आठवड्याला पाच दिवस, असे सहा आठवडे देण्याचा शिरस्ता पक्का झाला. ऊसतोडीच्या हंगामात पोराला घेऊन मुंबईत राहिलेल्या बापाला हे सहा आठवडे काय असतात ते मी समजू शकतो. ‘साहेब, थोडक्यात नाही का उरकत?’ असे विचारावेसे वाटणे स्वाभाविक आहे. जिथे आजार पसरलेला आहे आणि दुखणे कमी करणे एवढाच हेतू आहे, तिथे डॉक्टर पाच किंवा दहा दिवसांत उरकतातही, आणि ते योग्यच असते. पण बरे होऊन पुढे जगायचे असेल तर ते तीस हेलपाटे मेंदूतल्या वाहिन्यांना सावरायला वेळ देतात. दोन शेकांच्या मधे एक रात्र पडणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

या कथेत एक वळण असे आहे की ज्याने मी थक्क होतो. किरण वाहिन्या बंद करतात हे कळल्यावर कोणाच्या तरी मनात आले की, ज्या वाहिन्या बंद व्हायलाच हव्यात त्यांच्यावर हे का वापरू नये?

काही माणसांच्या मेंदूत जन्मतः धमन्या आणि शिरा मधल्या बारीक वाहिन्यांशिवाय थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांचा गुंता होतो, त्यात धमनीचे जोरदार रक्त पातळ भिंतीच्या शिरेत घुसते, आणि एखाद्या दिवशी तो फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. तरुण माणूस एकाएकी कोसळतो. गुंता वरवर असेल तर शस्त्रक्रियेने काढता येतो. खोल, वाचा किंवा हालचालींच्या केंद्राजवळ असेल तर सुरी नेणे धोक्याचे. स्टॉकहोमचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्येच कल्पना मांडली होती की कवटी न उघडता, अनेक बाजूंनी बारीक किरण एका बिंदूवर आणून सुरीचे काम करता येईल. 1960 च्या दशकाअखेरीस त्यांचे ‘गामा नाइफ’ यंत्र तयार झाले. 1970 मध्ये त्यांचे सहकारी लादिस्लाऊ श्टाइनर यांनी अशा एका गुंत्यावर ते वापरले आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापला.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. सकाळी कपाळावर आणि मागे चार ठिकाणी भुलीची सुई देतात आणि धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीला घट्ट बसवतात. माणूस जागा असतो, बोलत असतो. ती चौकट डोक्यावर ठेवूनच स्कॅन होतो, त्यामुळे गुंत्याचा प्रत्येक बिंदू चौकटीच्या मापात, मिलिमीटरच्या हिशेबाने सांगता येतो. मग कोबाल्टचे सुमारे दोनशे तुकडे बसवलेल्या शिरस्त्राणात डोके ठेवतात. प्रत्येक किरण एकटा इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला फारसे काही करत नाही. सगळे जिथे मिळतात त्या बिंदूवर एका बैठकीत प्रचंड मात्रा बसते. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो, आणि गुंता तसाच असतो. एकही वाहिनी बंद झालेली नसते. पुढची दोन-तीन वर्षे अस्तराच्या पेशी मरत जातात, भिंत जाड होत जाते, आणि लहान गुंते बहुतेक वेळा पूर्ण बंद होतात. तोवर फुटण्याची टांगती तलवार असतेच. ज्या संथ प्रक्रियेने एका मुलाला तिशीत पक्षाघात होतो, तीच इथे दुसऱ्याला वाचवते. 1997 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गामा नाइफ आले, आणि आपल्याकडच्या रुग्णांना त्यासाठी परदेशी जायची गरज उरली नाही.

डॉक्टरांना सगळ्यात जास्त छळले ते एका वेगळ्याच प्रश्नाने. 1971 मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला, मग एमआरआय आले आणि जिवंत माणसाचा मेंदू आतून दिसू लागला. उपचारानंतर वर्षभराने स्कॅनमध्ये जुन्या जागी पांढरे वलय दिसते, भोवती सूज. गाठ परत आली की किरणांनी मेंदू नासला? चित्रावर दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे वाहिन्या गळक्या असतात. पहिल्याचा उपचार तातडीचा आणि कडक, दुसऱ्यात तोच उपचार घातक. घरच्यांच्या दृष्टीने तर ‘गाठ पुन्हा आली’ या तीन शब्दांत सगळे संपते. आता रक्तप्रवाह मोजणाऱ्या एमआरआयने आणि पेट स्कॅनने हा गोंधळ बराच सुटतो, तरी पूर्ण नाही.

नासलेल्या भागावर उपचार सापडला तोही वाहिन्यांच्याच अभ्यासातून. रक्त कमी पडले की ऊती नव्या वाहिन्यांसाठी एक प्रथिन सोडतात. त्यामुळे वाहिन्या आणखी गळतात, सूज वाढते, रक्त आणखी कमी पडते. असे दुष्टचक्र चालू राहते. आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध नेमके ते प्रथिन अडवते. 2007 मध्ये अमेरिकेत ते अशा रुग्णांत उपयोगी पडल्याचे दिसले. 2011 मध्ये अवघ्या 14 रुग्णांची, पण खरे औषध आणि खोटे औषध अशी काटेकोर तुलना झाली. खरे औषध मिळालेल्या सगळ्यांची सूज उतरली. तोवर हातात होती ती मुख्यतः स्टेरॉइड, आणि ती दीर्घकाळ दिली की साखर वाढवतात, हाडे ठिसूळ करतात.

पण नुकसान झाल्यावर उपाय करण्यापेक्षा ते होऊच न देणे चांगले. त्या प्रयत्नात महाराष्ट्राचा स्वतःचा, जगाने दखल घेतलेला वाटा आहे. 2001 ते 2012 या काळात टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या सौम्य गाठी असलेल्या 200 मुला-तरुणांचा अभ्यास केला. वय तीन ते पंचवीस. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून 104 जणांना गाठीच्या आकाराला काटेकोर बसणारे किरण दिले, 96 जणांना तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीने. मात्रा दोघांनाही तीच: 54 ग्रे, 30 भागांत.

काटेकोर किरण द्यायचे म्हणजे डोके रोज त्याच जागी, त्याच कोनात हवे. त्यासाठी मुखवटा लागतो. जाळीदार प्लास्टिकचा पांढरा तक्ता गरम पाण्यात बुडवला की मऊ होतो. तो कोमट असतानाच चेहऱ्यावर ताणून कडा टेबलाला अडकवतात. नाक, हनुवटी, कपाळ यांचा साचा उमटतो आणि काही मिनिटांत तो घट्ट होतो. लहान मूल घाबरते, रडते. तंत्रज्ञ त्याच्याशी बोलत राहतात. मुखवट्यावर मारलेल्या खुणांवर रोज प्रकाशाच्या रेषा जुळवल्या जातात आणि मगच यंत्र सुरू होते.

2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काटेकोर पद्धतीच्या मुलांची बुद्ध्यंकाची चाचणी पाच वर्षांत सरस राहिली. संप्रेरकांचा नवा बिघाड त्यांच्यात 31 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के होता. जगण्याचे प्रमाण 86 आणि 91 टक्के होते, आणि त्या फरकाला आकडेशास्त्राच्या दृष्टीने वजन नव्हते. म्हणजे निरोगी मेंदू वाचवताना गाठीला मोकळे रान मिळाले नव्हते. याच चमूने आधी हेही दाखवले होते की डाव्या कानशिलाकडच्या मेंदूचा 13 टक्क्यांहून जास्त भाग 43.2 ग्रे पेक्षा अधिक मात्रेत सापडला की बुद्ध्यंक घसरण्याची शक्यता वाढते. या अभ्यासात मोजले गेले ते बुद्धी आणि संप्रेरके; धमन्या मोजल्या नव्हत्या. पण जो भाग किरणांच्या वाटेतून बाजूला काढला, त्यातल्या वाहिन्याही आपोआप बाजूला झाल्या. त्यापुढचे पाऊल म्हणून टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात 2023 पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, पलीकडच्या मेंदूला जवळपास काहीच पोहोचत नाही. तरीही गाठ मोठ्या धमनीला चिकटून असेल तर प्रोटॉनही त्या धमनीला सोडत नाहीत.

मराठवाड्यात 2012 मध्ये संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले, शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्याआधीपासून आहे. त्यामुळे शेकासाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. उपचारानंतरच्या वर्षांची व्यवस्था मात्र अजून उपचाराइतकी जवळ आलेली नाही. टाटा रुग्णालयात 1991 मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी बऱ्या झालेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट क्लिनिक’ हा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. आजार नसलेल्या माणसांना रुग्णालयात पुन्हा पुन्हा बोलावणे त्या काळी नवीन होते. वाढ, पाळी, ऐकू येणे, शाळा, लग्न, मनःस्थिती, सगळे तिथे विचारले जाते. पण तिथून सुटलेले मूल पुढे तोडणीला जाते, पुण्यात कंपनीत लागते, लग्न होऊन सासरी जाते. फाइल पत्र्याच्या पेटीत राहते.

टाटाच्या त्या अभ्यासातली बहुतेक मुले आज विशी ते चाळिशीत आहेत. मोठ्या धमन्यांच्या तक्रारी सुरू होण्याचे हे वय. किरणांनी कमकुवत झालेल्या वाहिनीला रक्तदाब, साखर आणि तंबाखू आणखी लवकर निकामी करतात, आणि या तिन्हींवर गावातल्या डॉक्टरालाही काम करता येते. काही जणांत शेकानंतर कित्येक वर्षांनी डोके भयंकर दुखते, एक बाजू लुळी पडते, बोलणे अडखळते, आणि काही आठवड्यांत बरेच जण पूर्ववत होतात. हा प्रकार माहीत नसेल तर गाठ परतली समजून उगाच शस्त्रक्रिया होऊ शकते. म्हणून माजलगावला किंवा अंबाजोगाईला तिशीतला माणूस तोंड वाकडे होऊन आला, तर रक्तदाब मोजतानाच विचारायला हवे: लहानपणी डोक्याला शेक घेतला होता का, कोणत्या साली, किती दिवस, आणि कागद कुठे आहेत.